पूजेतली कात्री

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो शिलाई मशीनच्या आवाजानं. वेस्ट मांबलमच्या एका लांबट घराचा मागचा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. अशा भागाला तिथं ‘पोर्शन’ म्हणतात. त्या घरात असे पाच पोर्शन, पाच चुली आणि सगळ्यांत मिळून एक हातपंप. अप्पा, म्हणजे माझे वडील, उजाडायच्या आत उठून अंघोळ उरकत आणि कॉफी होईपर्यंत मशीनवर बसून शेजारपाजारच्या पोरांचे गणवेश शिवत. पुढच्या पोर्शनमधल्या मामी त्या खडखडाटाबद्दल रोज कुरकुर करत, आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आपल्या पोरांच्या चड्ड्यांचं कापड घेऊन सगळ्यांत आधी हजर होत. मशीन थांबलं की हातपंपाची करकर, मग आईच्या कढईतली मोहरी, आणि मग स्टेशनकडून गाडीचा भोंगा. त्या गाडीनं अप्पा गिंडीला कामावर जात. मधे एकच स्टेशन, पण बसायला जागा मिळाली तर तेवढ्यातही त्यांचा डोळा लागायचा. माझ्या आठवणीतले अप्पा कायम दमलेलेच आहेत. चिडके नव्हते, दुःखी तर नव्हतेच, नुसते दमलेले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून बरीच पुढे आले आहे, आणि सकाळी पलंगाच्या कडेला बसून गुडघे सरळ करते तेव्हा त्यांचा तो चेहरा मला अगदी आतून कळतो.

आम्ही तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम करणारे. घरात बोलायचो ती भाषा निम्मी जुनी मराठी आणि निम्मी तमिळ. मी आता लिहिते आहे ती मराठी पुस्तकांची आणि माझ्या नवऱ्याची. ते सोलापूरहून इथं नोकरीला आले. लग्नानंतर सहा महिने माझं बोलणं ऐकून हसत होते, आणि त्यांनाच कधी ‘सेरि, सेरि’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणायची सवय लागली ते त्यांना कळलंही नाही. तयार कपड्यांची दुकानं वाढली तसं नुसतं कपडे शिवून भागेना, म्हणून अप्पा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मोटारींच्या सीट शिवायला शिकले. त्या कामाला इथं ‘कुशन’ म्हणतात. पुढं त्या कामात त्यांचा हात असा बसला की लांबून लांबून लोक त्यांना शोधत येत, पण शेडमधल्या माणसांनी त्यांना शेवटपर्यंत ‘टेलर’ अशीच हाक मारली. त्यांना ती आवडत असावी, कारण त्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही.

शिंप्याची एक खोड त्यांच्या हातातून कधी गेली नाही. माझ्या परकराला, आईच्या पोलक्याला, शेजारच्या पोरांच्या शर्टांना ते शिवणीच्या आत दोन दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवत. शिंपी त्याला माया म्हणतात. अंग वाढलं की उसवायचं, आतलं थोडं सोडायचं आणि पुन्हा शिवायचं. माझा एक जांभळा परकर मी चार वर्षं घातला. वरचा रंग धुऊन धुऊन विटला होता आणि खाली दर वर्षी एक नवीकोरी गडद पट्टी उगवायची. शाळेत मुली मोजून सांगत, ‘ही तिसरीची, ही चौथीची.’ मी रडत घरी आले की अप्पा ‘पापा’, म्हणजे ‘पोरी’, अशी हाक मारून म्हणत, ‘जास्त अहे म्हणून कशास रडतेस? पुढं लागतं ते.’ एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागत. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा, आणि परकर तर त्याहून नकोसा व्हायचा.

मी बारावी झाले त्याच्या दोन वर्षं आधीपासूनच शेडचं बरं चाललं नव्हतं. शेडच्या मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. म्हातारा, बारीक माणूस. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं धोतर, पांढरा शर्ट, खिशात कायम एक चुरगळलेला हातरुमाल. नव्या मोटारी आल्या होत्या आणि त्या दुरुस्तीला आपापल्या कंपन्यांच्याच वर्कशॉपात जात; आमच्यासारख्या शेडकडे यायचं ते टॅक्सीवाल्यांचं किरकोळ काम. अशात मुदलाळींनी निलगिरीतल्या कुठल्या तरी चहाच्या मळ्यावरून एक मोडकी मोटार उचलून आणली. विलायती बनावटीची, दोनच माणसांची, टप नसलेली, शर्यतीत पळवतात तसली. आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. त्यांनी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं तिच्यात घातलं आणि दोन वर्षं शेडमधला प्रत्येक माणूस तिच्यावर राबला. मुदलाळींनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की ही विकली गेली तर शेड राहील, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. आमच्यापुरता त्याचा अर्थ आईनं मला आणखी स्पष्ट करून सांगितला. कुलूप लागलं की आम्ही कुंभकोणमला काकांच्या घरी जाणार. मला नुकताच तांबरमच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. काकांच्या घरी शिकणाऱ्या मुली नव्हत्या. तिथं मुली लग्नाची वाट पाहत.

ती मोटार तयार होत आली तसं तिला पाहायला लोक येऊ लागले. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं जेवणाचा डबा हातात घेऊनच शेडच्या दारात उभी राहत. मीही कॉलेजातून येताना मुद्दाम गिंडीला उतरून जायची. गडद हिरवा रंग. युसुफभाई नावाचे रंगारी होते, त्यांनी तो पाणकागदानं घासून घासून, पुन्हा चढवून, पुन्हा घासून असा केला होता की चाकावरच्या फुगीर पत्र्यात शेडचं छप्पर, दारातली माणसं, त्यांचे डबे सगळं दिसायचं. पुढचं नाक लांब, त्यावर चामड्याचा पट्टा. मागचा भाग आखूड आणि गोल. चाकांना तारांचे आरे, ते एकेक करून सरळ केलेले. आणि या सगळ्या हिरव्याच्या आत अप्पांच्या दोन सीट. तपकिरी लाल चामडं, उभ्या फुगीर पट्ट्या, कडेनं बारीक गोल दोरी. त्या दोरीची शिवण बघताना मला वाटायचं की ही मशीनवरची असणार. होती हातावरची. अप्पांनी चार महिने त्या दोन सीटवर घालवले होते. एवढं असूनही ते त्यांवर कधी बसले नाहीत, दुसरंही कोणी बसलं नाही. मुदलाळींची सक्त ताकीद होती की घेणारा पहिल्यांदा बसेल, त्याच्या आधी कोणीही नाही. मी एकदा हळूच दार उघडायला गेले तर युसुफभाई लांबूनच ओरडले होते.

परवाच अशी एक मोटार मी पुन्हा पाहिली. शेजारच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याचा एक मुलगा राहतो, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. समुद्राकडच्या रस्त्यावर एका हॉटेलच्या हिरवळीवर जुन्या गाड्या विकायला मांडल्या आहेत म्हणून तो मला हट्टानं घेऊन गेला. ‘आजी, तुमचे वडील या लाइनमध्ये होते ना? मग चलाच तुम्ही.’ ऊन फार होतं आणि मला खरं तर घरी पडून राहायचं होतं. गाडी निळी होती, आमचीही नव्हती, पण जात तीच. दोऱ्या बांधलेल्या, समोर ‘विक्रीसाठी’ची पाटी, भोवती फोन उंच धरलेली तरुण मुलं. तो मला इंजिनाचं काही काही सांगत होता. मी दोरीच्या अलीकडून वाकून सीटची पुढची कड बोटांनी दाबून पाहिली. सपाट होती. एक राखणदार लगबगीनं येऊन म्हणाला, ‘पाट्टी, हात लावू नका.’ पाट्टी म्हणजे आजी. मी म्हटलं, ‘काम बरं केलंय.’ साताऱ्याचा मुलगा खूश झाला. त्याला वाटलं मी गाडीचं कौतुक करते आहे. परतताना गिंडीचा पूल लागला. आमची शेड होती तिथं आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात महाराष्ट्रातून आलेली त्याच्याच वयाची मुलं रात्रंदिवस संगणकावर असतात, असं तो म्हणाला. मी डोळे मिटून बसले.

आमची ती हिरवी मोटार घ्यायला येणारे गृहस्थ कोइमतूरचे होते, कुठल्याशा गिरणीचे मालक. त्यांना मुदलाळींनी बोलावलं तेही नेमकं आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी. मुदलाळींचा हिशोब असा की त्या दिवशी शेड वर्षभरात दिसत नाही इतकी स्वच्छ असते. सगळं धुतलेलं, दाराला केळीचे खांब, गाड्यांना झेंडूचे हार, हवेत कापराचा वास. घेणाऱ्याचं मन तिथंच विरघळेल. दिवसही चांगला. त्यात त्यांची काही चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही, पण त्या दिवसाचा एक नियम आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. नवमीला हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडायची, त्यांना गंध-कुंकू लावायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, पुन्हा पूजा करून उचलायची. मधे हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. अप्पा याबाबतीत फार कडक होते. आईनं एकदा त्या दिवशी नारळाच्या शेंड्या कापायला त्यांची कात्री मागितली तेव्हा ते तिच्याशी दिवसभर बोलले नव्हते.

दर वर्षी शेडमधल्या सगळ्यांची घरची माणसं पूजेला येत, आणि हत्यारांना कुंकू लावायचं काम माझ्याकडं असे. त्याही वर्षी एका चटईवर सगळं मांडलं होतं. नटबोल्टचे पाने, हातोडे, युसुफभाईंची रंगाची पिचकारी, आणि एका बाजूला स्वच्छ फडक्यावर अप्पांचं सामान: वाकड्या सुया, टोच्या, मेणाचा गोळा, उसवायची सुरी आणि ती मोठी काळी कात्री. ती माझ्या आजोबांची. तिच्या मुठी बोटांच्या घासानं झिजून बारीक झाल्या होत्या. युसुफभाई दर वर्षी स्वतःच म्हणायचे, ‘माझ्या पिचकारीला जास्त लाव गं, ती सारखी तुंबते.’ मी सगळ्यांना कुंकू लावलं, मुदलाळींनी कापूर ओवाळला, आणि चुरमुरे, डाळं, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल, केळी वाटली. मोटारीच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. दृष्ट काढून फोडायचा कोहळा आत कुंकू भरून एका कोपऱ्यात तयार होता. गाडी विकली गेली की मगच तो फोडायचा, असं ठरलं होतं.

कोइमतूरचे सार, म्हणजे साहेब, अकराच्या सुमाराला आले. साठीचे असतील. चप्पल दाराबाहेर काढून आले हे मला आवडलं. त्यांनी आधी पूजेला हात जोडले. मग मोटारीभोवती तीन वेळा फिरले, हात पाठीमागं बांधून, कशालाही न शिवता. चौथ्या वेळी पांढऱ्या वेष्टीची पर्वा न करता जमिनीवर गुडघे टेकून खालून पाहिलं. बराच वेळ. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, हे मी खोटं सांगत नाही. ‘हा रंग कोणी केला?’ युसुफभाई पुढं झाले. ‘आणि हे?’ ते वाकून चामड्याचा वास घेत होते. ‘टेलर,’ मुदलाळी म्हणाले. त्यांनी अप्पांना हात जोडले. अप्पांनीही जोडले, आणि मग हातांचं काय करायचं ते न कळून पाठीमागं नेले. कोणी आपल्या कामाकडं इतका वेळ पाहतंय याची त्यांना सवयच नव्हती. मी आईचा हात दाबला. मला वाटलं, झालं, तांबरम वाचलं.

मग सार सीटवर बसले. त्यांनी दोन्ही हात सुकाणूवर ठेवले, हसले, जरा मागं रेलले, आणि त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. ते उठले, पुन्हा बसले. पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. मांडीखाली हात घालून म्हणाले, ‘इथं काहीतरी टोचतंय.’ आता हे सगळं बोलणं तमिळमध्ये चाललं होतं, मी ते मराठीत लिहिते आहे. अप्पा पुढं झाले, वाकले आणि सीटच्या कडेवरून आपली बोटं फिरवली. त्यांना शोधावं लागलं नाही. बोट ठेवताक्षणी त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा बघून मलाही कळलं. चामड्याच्या त्या सीटलाही त्यांनी कडेच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवली होती. कापड आत दुमडलं तर अंगाला लागत नाही. जाड चामड्याचा दुमडलेला पदर मात्र मांडीखाली दोरखंडासारखा लागत होता. कोणी बसलंच नव्हतं, त्यामुळं इतके दिवस ते कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

‘टेलर, गाडी वाढते का?’ अप्पांनी सांगितलं तेव्हा मुदलाळींनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. अप्पा म्हणाले, ‘चामडं एकदा कापलं की संपलं, मुदलाळी. पंचवीस-तीस वर्षांनी ही सीट कोणीतरी उघडील. त्याच्या हाताला थोडं पुरायला नको?’ कोइमतूरचे सार हे ऐकून हसले नाहीत. ते म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे. पण ही गाडी मी बायकोसाठी घेतोय. तिची कंबर गेलेली आहे. हौस एवढीच की उघड्या गाडीतून एकदा उटीला जायचं. या सीटवर ती दहा मैल बसू शकणार नाही.’ मग जरा थांबून म्हणाले की बंगळूरला अशीच एक गाडी विकायला आहे आणि ते संध्याकाळी तिकडंच निघणार होते. पाचपर्यंत ते त्यागरायनगरला बहिणीकडं आहेत. तेवढ्यात हे नीट झालं तर हीच घेतील. ‘आज दिवस कुठला ते मला ठाऊक आहे. माझ्याही गिरणीत आज सगळं पूजेत आहे. मी कोणाला काही करा म्हणत नाही.’ चप्पल घालून ते गेले. त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण येईना, आणि त्यामुळं मला आणखीच रडू येत होतं.

मुदलाळी बाहेर जाऊन एका उपड्या पिंपावर बसले, रुमाल हातात धरून. ते अप्पांना हुकूम करू शकले असते, त्यांनी केला नाही. बाकीची माणसं चुरमुऱ्यांचे द्रोण हातात घेऊन उभी होती आणि कोणीही खात नव्हतं. सगळे अप्पांकडं बघायचं टाळत होते. अप्पा चटईवर मांडलेल्या हत्यारांकडं बघत उभे होते. मला वाटलं, हे काम माझं आहे. हत्यारं त्यांची, नियम त्यांचा. मी कुठं शिंपी आहे? मी उचलली तर नियम मोडल्याचा दोष त्यांच्यावर येणार नाही. मी गेले आणि कात्री उचलली. कुंकू ओलं होतं, माझ्या तळहाताला लागलं.

‘ठेव ती,’ अप्पा म्हणाले.

‘अप्पा, मी उचललों. तुमास काही नाही त्याचं.’

‘ठेव म्हणतों नं पापा. माझी अहे ती.’

मी ठेवली. अप्पा नळावर गेले, हात-पाय धुतले, ओल्या पायांनी येऊन चटईपुढं बसले आणि जमिनीला कपाळ टेकलं. मग स्वतःच्या हातानं कात्री उचलली, आणि तिच्यावरचं कुंकू वेष्टीच्या सोग्यानं पुसलं. आई दाराकडं तोंड करून उभी राहिली. मग त्यांनी सुया उचलल्या, टोच्या उचलला, सुरी उचलली, मेण उचललं, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांना लावून. मला म्हणाले, ‘दोरा ओव. मज दिसत नाही.’

त्या दुपारी शेडमध्ये अप्पा, युसुफभाई आणि मी असे तिघंच काम करत होतो. बाकी कोणी आपल्या हत्यारांना हात लावला नाही, आणि अप्पांनी तसं कोणाला म्हटलंही नाही. युसुफभाईंनी मात्र नुसत्या हातांनी सीट गाडीतून उतरवल्या आणि उलट्या करून धरून बसले. अप्पांनी कडेची शिवण उसवली. चार महिन्यांचं काम, पण उसवायला पाव तासही लागला नाही. मग आत दुमडलेला तो पदर त्यांनी बाहेर ओढला आणि कात्री चालवली. चामड्याच्या लांब पट्ट्या खाली पडत होत्या. एकदा मी म्हटलं, ‘बोटभर तरी ठेवा, अप्पा.’ त्यांनी मान हलवली आणि अगदी कडेपर्यंत कापलं. मी दोऱ्याला मेण लावत होते, सुया ओवून देत होते. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम चामड्यावर पडायचा, तो मी पुसायची. आईनं भात कालवून आणला, तो तसाच राहिला. पहिली सीट तीनच्या आधी झाली, आणि पहिल्यासारखी झाली. दुसरी संपत आली तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. अप्पा मधेमधे सुई ठेवून उजवी मूठ उघडून मिटत होते. शेवटची चार बोटं शिवण राहिली असताना सुई सरळ जाईना. मी पाहिलं, युसुफभाईंनीही पाहिलं. पुन्हा उसवायला वेळ नव्हता. अप्पांनी गाठ मारली, दोरा कापला आणि म्हणाले, ‘बसवा.’

सार बरोबर पाचला आले. बसले. डोळे मिटून, पाय लांब करून, बराच वेळ. पलीकडच्या सीटवर त्याहून जास्त वेळ. ‘आता ती बसेल,’ ते म्हणाले. या वेळी त्यांनी गुडघे टेकून पाहिलं नाही. बाहेर येऊन त्यांनी मुदलाळींचे दोन्ही हात हातात घेतले. मग काय, कोहळा फुटला, कापूर पेटला, माणसं अचानक भुकेल्यासारखी चुरमुऱ्यांवर तुटून पडली. कोणीतरी अप्पांच्या गळ्यात मोटारीचाच झेंडूचा हार घातला. मुदलाळी त्यांच्याजवळ आले आणि रुमालानं डोळे पुसत राहिले. अप्पा म्हणाले, ‘सेरि, मुदलाळी. घरी जातो.’

मांबलमच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. आई पलीकडच्या बाकावर होती. अप्पांना त्या दिवशी डुलकी लागली नाही. सैदापेट गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘शिवण कशी झाली?’

‘बरी झाली, अप्पा.’

‘शेवटास वाकडी गेली.’

‘कोणास दिसणार नाही ते.’

‘मज दिसली,’ ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वाकडी शिवण असेल, आणि ती माझ्यापायी गेली हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शेड राहिली, कुंभकोणम टळलं, मी तांबरमला जात राहिले. कोइमतूरच्या बाई उटीला गेल्या की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. गेल्या असाव्यात असं मी धरून चालते.

पुढच्या आयुधपूजेला मी कुंकवाची वाटी घेऊन घरी तयार होऊन बसले होते. अप्पांनी पिशवीतून सुया काढल्या, टोच्या काढला, सुरी काढली, मेण काढलं, आणि शेडला न्यायला फडक्यात बांधलं. कात्री खुंटीला तशीच राहिली. मला वाटलं विसरले. मी काढायला गेले तर म्हणाले, ‘ती नको.’ आईनं विचारलं, ‘का हो?’ ते म्हणाले, ‘सगळ्यांत जुनी ती, अन् पहिली तिलाच मधेच उठवलों पूजेतून. आता परत बस म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?’ आई त्यावर वाद घालेल असं वाटलं होतं, तिनं घातला नाही. त्या दिवशी आमच्याकडं शिकणाऱ्यांची पुस्तकंही देवापुढं ठेवतात. माझी कॉलेजची पुस्तकं मी अजून बाहेर काढली नव्हती. अप्पांनीच ती फळीवरून उतरवली, आपल्या शर्टानं एकेक पुसली, देवापुढं नीट रचली, आणि माझ्या हातातली वाटी घेऊन प्रत्येकाला स्वतः कुंकू लावलं.